ऑर्केस्ट्रातल्या स्ट्रॅटला हमबकर लावावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारी, एकेका गुंडाळीची यंत्रं) असलेली, स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या घाटाची मध्यम किमतीची गिटार आहे. डोंबिवलीच्या ऑर्केस्ट्रात वाजवता, गणपती-नवरात्रात कार्यक्रमांची रांग असते, आणि सवड मिळाली की मित्रांबरोबर रॉक. कार्यक्रमात गिटारमधून सतत घूंऽऽ असा आवाज येतो आणि साउंडवाले दादा तुमचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, खाली ओढतात. एक मित्र सांगतो, तिन्ही काढून हमबकर (दोन गुंडाळ्यांचे पिकअप) टाक. दुसरा सांगतो, ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेले) पिकअपच घे. हातात दहा हजार रुपये आहेत. काय घ्यावं?

मी परळला २२ वर्षं गिटार दुरुस्तीचं काम करतो आणि आजही महिन्यातून दोन-तीन कार्यक्रम वाजवतो. माझ्या टेबलावर दर पावसाळ्यानंतर हाच प्रश्न येतो. यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात: नको असलेला आवाज कसा घालवायचा, आणि हवा असलेला आवाज कसा मिळवायचा. पहिल्यासाठी पिकअप बदलायची गरज असेलच असं नाही. दुसऱ्यासाठी तुम्ही काय वाजवता, कशातून वाजवता आणि कुणाबरोबर वाजवता हे कळल्याशिवाय कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. म्हणून आधी पहिला प्रश्न सोडवू.

घरी अँप लावा, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, थोडं डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) द्या आणि काहीही न वाजवता उभे राहा. आता तारांवर तळवा टेकवा. आवाज एकदम कमी झाला, तर तुमचं अंगच अँटेनासारखं काम करत होतं आणि गिटारच्या आतलं शील्डिंग, म्हणजे बाहेरचा विजेचा कचरा अडवणारं धातूचं अस्तर, कच्चं आहे. आवाज कमी न होता उलट वाढला, पण केबलच्या जॅकच्या धातूला बोट लावताच शांत झाला, तर ब्रिजकडे, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या पट्टीकडे, जाणारी अर्थची वायर सुटलेली आहे. हा बिघाड मी इतक्या वेळा पाहिलाय की गिटार आली की सगळ्यात आधी मल्टिमीटरचं एक टोक ब्रिजला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूला लावतो. कल्याणचा एक मुलगा दोन वर्षांत तीनदा पिकअप बदलून माझ्याकडे आला होता. ब्रिजखालची वायर कुठल्यातरी टप्प्यावर निघाली होती आणि ती कुणीच पुन्हा जोडली नव्हती. सोल्डरचा एक थेंब आणि पाच मिनिटं, एवढंच काम होतं. त्या मुलाचे गेलेले पैसे मला आजही लागतात.

तारांना हात लावून काहीच फरक पडला नाही, तर गिटार गळ्यात ठेवून जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला तोंड केल्यावर घूं जवळजवळ नाहीसा होत असेल आणि पुढे फिरल्यावर परत येत असेल, तर तो खरा सिंगल कॉइलचा हम, म्हणजे विजेच्या लाइनचा घूं, आहे. अँपचा ट्रान्सफॉर्मर, जुना चोकवाला ट्यूबलाइट, भिंतीतल्या वायरी यांच्याभोवती ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं आणि पिकअपची गुंडाळी ते इमानदारीनं पकडते. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवली की चरचर जाते, हा घूं जात नाही. तांबं विद्युत क्षेत्र अडवतं. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्या पातळ पत्र्यातून आरपार जातं. शील्डिंग करूनही हम गेला नाही म्हणून कारागिराला दोष देणारे गिऱ्हाईक पुष्कळ भेटतात, आणि शील्डिंगने हम जाईल असं सांगून पैसे घेणारे कारागीरही.

या चाचणीत तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा मंडपात माइकला ओठ लागताच झटका बसला, तर तिथेच थांबा आणि गिटार खाली ठेवा. तो पिकअपचा विषयच नाही. तिथल्या जोडणीला अर्थिंग नाही किंवा वायर उलट-सुलट लागलीय. साउंडवाल्याला आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, ते नीट होईपर्यंत वाजवू नका. ऐन आरतीच्या वेळी भिडस्तपणामुळे गप्प बसणारी मुलं मी पाहिली आहेत. यात भीड ठेवायची नसते.

आणखी एक गुन्हेगार मुंबईत खास भेटतो, तो म्हणजे रंगमंचाचे दिवे मंद-तेज करणारे डिमर. मध्य मुंबईतल्या एका नाट्यगृहात आमचा कार्यक्रम होता. लावणीला दिवे अर्ध्यावर आणले की माझ्या स्ट्रॅटमधून चरचर सुरू व्हायची, दिवे पूर्ण उजळले की थांबायची. थायरिस्टरचा डिमर विजेची लाट मधूनच कापतो आणि त्या कापलेल्या काठांचा कचरा हवेतून आणि वायरीतून सगळीकडे पसरतो. तिथे मी केलं ते एवढंच: प्रकाशवाल्यांच्या केबलपासून माझी केबल लांब आणि आडवी नेली, अँपसाठी दुसऱ्या बाजूच्या बोर्डावरून लाइन घेतली. आवाज पूर्ण गेला नाही, पण कार्यक्रम निभावला.

तुम्ही लिहिलंय की काही कार्यक्रमांत गिटार थेट मिक्सरला लागते. ही ओळ तुम्ही सहज लिहिली असेल, पण माझ्या मते तुमच्या तक्रारीचा अर्धा भाग तिथे आहे. साध्या पिकअपला पुढे सुमारे एक मेगाओहम रोधाचा इनपुट लागतो, अँपचा किंवा इफेक्ट प्रोसेसरचा असतो तसा. मिक्सरच्या लाइन इनपुटचा हा आकडा साधारण १० ते २० किलोओहम असतो. त्यात गिटार थेट खुपसली की सिग्नल बसतो, वरचे सूर मरतात, मग दादा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवतात, आणि गेनबरोबर हमही वर येतो. वरून सहा-सात मीटरची केबल असली की आणखी भर पडते, कारण केबलची मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडची धारकता पिकअपच्या चमकेला खाली ओढते. गिटार आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) किंवा तुमचा प्रोसेसर ठेवा आणि मगच स्वतःच्या पिकअपबद्दल मत बनवा. कित्येकांचा प्रश्न इथेच मिटतो.

आता पिकअपकडे वळू. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, इतकंच ते यंत्र आहे. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. मिरवणुकीतल्या इलेक्ट्रिक बँजोच्या पोलादी तारांखालीही हेच तत्त्व काम करतं. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलमध्ये सुमारे ८ हजार वेढे असतात. उंच, अरुंद गुंडाळी आणि तारेच्या छोट्याशा भागावर नजर, म्हणून तिचा आवाज उघडा आणि टोकदार. बोट जरा जोरात पडलं तरी लगेच कळतं.

हमबकरमध्ये अशा दोन गुंडाळ्या शेजारी असतात. दोघींची दिशा उलटी आणि दोघींचे चुंबकही उलटे. त्यामुळे तारेचा सिग्नल दोन्हींतून एकाच दिशेनं येऊन जुळतो, आणि बाहेरचा हम विरुद्ध दिशेनं येऊन एकमेकांना खोडतो. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९५९ साली मिळालं, म्हणून मधल्या काळातल्या पिकअपच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी असे आणि त्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून वादक आजही त्यांना ‘पीएएफ’ म्हणतात. हम खोडण्यासाठी केलेल्या या युक्तीनं आवाजही बदलला. दोन गुंडाळ्या तारेला दोन वेगळ्या जागी ऐकतात, त्यामुळे काही वरचे सूर एकमेकांत विरतात. शिवाय वेढे एकूण जास्त, म्हणून चमक खालच्या पट्टीत सरकते. आवाज जाड, गोल, भरलेला होतो आणि डिस्टॉर्शनला तो छान चिकटतो.

हे वाचून वाटेल की मग हमबकरच घेतलेला बरा. इथे मी माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या ऑर्केस्ट्राच्या गिटारमध्ये सिरॅमिक चुंबकाचा, खूप ताकदीचा हमबकर घातला. घरी एकट्यानं वाजवताना तो अफाट वाटला. कार्यक्रमात मी नाहीसा झालो. ऑर्केस्ट्रात मधली पट्टी आधीच भरलेली असते: कीबोर्डवर व्हायोलिनचा जाड थर, खाली बास, ढोलकीची घुमकी, ऑक्टोपॅड. कोळीगीताला तुम्ही उलट्या ठेक्यावर जो छोटा, तुटक स्ट्रोक देता, त्याला शिरायला फक्त वरच्या पट्टीतली एक फट उरते. त्या फटीतून सिंगल कॉइल सुरीसारखा शिरतो. हमबकर त्याच गर्दीत कीबोर्डच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो आणि कुणाला ऐकू येत नाही. मी पुन्हा जुने पिकअप लावले. म्हणून तुमच्या पहिल्या मित्राचा सल्ला मला तुमच्यासाठी पटत नाही, तिन्ही तर नाहीच.

ॲक्टिव्हबद्दल थोडक्यात. त्यात आतच प्रीअँप असतो, त्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते, आवाज फार स्वच्छ आणि लांब केबलचा त्रास नाही. मेटल वाजवणाऱ्यांना मी आनंदानं लावून देतो. पण त्याला २५ किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे रोधक) लागतात, तुमचे २५० चे आहेत. जॅक स्टिरिओ हवा, नाहीतर बॅटरी सतत चालू राहते. स्ट्रॅटच्या पोकळीत बॅटरीला जागा करावी लागते. आणि एकच ॲक्टिव्ह व दोन साधे अशी मिसळ नीट बसत नाही. तिन्ही घ्यायचे तर तुमचं बजेट पुरणार नाही. शिवाय बोटांच्या जोरातला जो बारीक फरक तुम्हाला गाण्यामागे वाजवताना हवा असतो, तो त्यात काहीसा सपाट होतो असं माझं मत आहे. काही उत्तम वादक यावर माझ्याशी वाद घालतील. पी-९० नावाचा गिब्सनचा १९४६ पासूनचा रुंद सिंगल कॉइलही मला जिवापाड आवडतो, पण तो हम तितकाच पकडतो आणि तुमच्या पिकगार्डमध्ये (पिकअप बसवलेल्या वरच्या प्लास्टिकच्या पत्र्यात) बसत नाही, म्हणून तुमच्यापुरता बाजूला ठेवू.

तर माझं उत्तर असं. नेकचा (गिटारच्या मानेजवळचा) आणि मधला सिंगल कॉइल आहेत तसे ठेवा. फक्त ब्रिजचा काढून तिथे सिंगल कॉइलच्याच मापाचा, रेलवाला हमबकर बसवा. दोन अरुंद गुंडाळ्या शेजारी आणि सहा तारांखालच्या सहा खिळ्यांऐवजी दोन सलग पोलादी पट्ट्या, अशी त्याची रचना असते. लाकूड कोरावं लागत नाही, पिकगार्ड बदलावा लागत नाही, आणि सलग पट्टी असल्यानं तारांचं अंतर खिळ्यांशी जुळतं का ही चिंताही नाही. रॉकला ब्रिजवर या, डिस्टॉर्शन लावा, हम नाही. गाण्यामागे नेक किंवा मधला, तिथे गेन कमी असतो म्हणून हमही कमी जाणवतो.

याला एक अपवाद आहे. तुम्हाला रॉकपेक्षा क्लीन, म्हणजे न फाटलेला आवाजच जास्त लागतो आणि ब्रिजवरही स्ट्रॅटचाच आवाज हवा, असं असेल तर एकावर एक गुंडाळी ठेवलेले ‘नॉइजलेस’ सिंगल कॉइल घ्या. चांगल्या जोडीत सिंगल कॉइलचा बहुतेक स्वभाव टिकतो, थोडी वरची हवा जाते. हा निर्णय तुमच्या कानाचा आहे, मी तो इथून घेऊ शकत नाही. पण तुम्ही जी यादी लिहिलीय, निम्मी कोळीगीतं-लावण्या आणि उरलेल्यात रॉकचे सोलो, ती पाहता मी ब्रिजच्या हमबकरकडे झुकतो.

तो घेताना दुकानात ओहमच्या आकड्यावर जाऊ नका. सगळे विचारतात, ‘किती के आहे?’, म्हणजे किती किलोओहम. १६ के म्हणजे ८ के च्या दुप्पट ताकद असं नसतं. आणखी बारीक तार वापरली की वेढे तेवढेच असूनही आकडा वाढतो. मल्टिमीटरचा खरा उपयोग बिघाड शोधायला: तुमच्या सध्याच्या सिंगल कॉइलचं माप साडेपाच ते सात किलोओहमच्या आसपास यावं. काहीच आलं नाही तर आतली तार तुटलीय. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि घामात ती हिरवट होऊन तुटते, हे जुन्या पिकअपमध्ये नेहमीचं आहे. नवीन पिकअप निवडताना मध्यम ताकदीचा पाहा, सगळ्यात गरम नको, नाहीतर स्विच बदलला की व्हॉल्यूम उडी मारेल आणि दादा पुन्हा फेडर ओढतील. वायर चार रंगांच्या आणि एक उघडी शील्ड असलेला घ्या, म्हणजे एक गुंडाळी बंद करून त्याला सिंगल कॉइलही करता येतो. आणि पिकअप मेणात बुडवलेला आहे का ते विचारा. अँप चालू असताना कव्हरवर नखानं टिचकी मारून पाहा: ठाक असा मोठा आवाज आला तर तो मोठ्या व्हॉल्यूमवर किंचाळणार.

पॉटबद्दल पुस्तकी नियम असा की सिंगल कॉइलला २५०, हमबकरला ५०० किलोओहम. तुमच्या गिटारमध्ये एकच व्हॉल्यूम पॉट तिघांना आहे. मी आधी २५० च ठेवून ऐकतो. ब्रिजचा रेल हमबकर मुळात तिखट असतो, २५० त्याला सोसवेल इतका गोड करतो. बोथट वाटला तरच ५०० घाला. लॅमिंग्टन रोडवर पॉट सहज मिळतो. बहुतेक जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटमध्ये ब्रिजच्या पिकअपला टोनचा नॉब जोडलेलाच नसतो. स्विचवर एक छोटी तार टाकून दुसरा टोन ब्रिजला द्यायला सांगा. खर्च जवळजवळ शून्य, आणि ‘ब्रिज कानाला टोचतो’ म्हणून तो कधीच न वापरणाऱ्या कित्येक वादकांना यामुळे तो पहिल्यांदा वापरता आला.

पिकअप उघडलाच आहे तर त्याच बैठकीत पोकळीला तांब्याची पट्टी लावून घ्या, पट्टीचे सगळे तुकडे सोल्डरनं जोडून अर्थला न्या, स्विचला आणि पॉटला कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. चार महिन्यांच्या दमट हवेत स्विचच्या पत्र्यावर जो थर बसतो, त्याची खरखरही पुष्कळदा पिकअपच्या नावावर खपते.

आणि उंची. सगळ्यात स्वस्त टोनकंट्रोल म्हणजे पिकअपच्या दोन बाजूंचे स्क्रू. तार शेवटच्या पडद्यावर (फ्रेटवर) दाबून धरा आणि सिंगल कॉइलच्या खिळ्यापासून तारेपर्यंतचं अंतर मोजा: जाड तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर, बारीक तारेखाली सुमारे २ मिलिमीटर, इथून सुरुवात करा. नेकचा पिकअप फार वर आला की त्याचे चुंबक तारेला ओढतात, जाड तारा वरच्या पडद्यांवर दोन सूर एकदम वाजल्यासारख्या बेसूर होतात आणि माणूस ट्यूनिंग पेगला दोष देत बसतो. रेल हमबकर तारेच्या थोडा जवळ चालतो, कारण त्याच्या पट्ट्या स्वतः चुंबक नसतात, चुंबक खाली असतो. तिन्हींचा व्हॉल्यूम जुळेपर्यंत अर्धा-अर्धा फेरा फिरवत राहा. माझा अर्धा तास यातच जातो आणि तो मी कधी वाचवत नाही.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी एवढं करा. स्विच दुसऱ्या जागेवर न्या, म्हणजे ब्रिज आणि मधला एकत्र. आवाज पोकळ, पातळ, रेडिओ दूर कुठेतरी लागल्यासारखा आला तर दोन पिकअप उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकमेकांचा आवाज खोडतील असे, जोडलेत. हमबकरच्या दोन वायरींची अदलाबदल करायला सांगा, तिथल्या तिथे होतं. मग चौथ्या जागेवर, मधला आणि नेक. तुमच्या गिटारमधला मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर इथे हम गायब होईल. तसं झालं तर गाण्यामागे वाजवायला तुमच्याकडे आधीपासूनच एक शांत जागा होती. त्या जागेवर दोन कार्यक्रम वाजवून पाहा. काढलेला पिकअप दुकानात सोडून येऊ नका. त्याच्या वायरी कापू न देता, नीट गुंडाळून, पुडीत घालून घरी घेऊन या.